अंगण खरंच वाकडं होतं

(पोस्ट मोठी आहे. गाड्यांच्या शर्यतीवर आहे, पण शेवटी आपल्याच नळापर्यंत येते. निवांत वेळ असेल तेव्हा वाचा.)

२०१८ च्या फॉर्म्युला वन मोसमात रेड बुल आणि मॅक्लारेन या दोन संघांच्या गाड्यांत एकाच कंपनीचं इंजिन होतं. रेनोचं. वर्षअखेरीस रेड बुलच्या खात्यात ४१९ गुण आणि चार विजय. मॅक्लारेनच्या खात्यात ६२ गुण आणि विजय एकही नाही.

त्याआधीची तीन वर्षं मॅक्लारेनवाले जगाला एकच गोष्ट सांगत होते. आमची गाडी चांगली आहे, इंजिन दगा देतंय. ते इंजिन होंडाचं होतं. मोठा गाजावाजा करून होंडाला निरोप दिला, रेनोचं इंजिन आणलं आणि निकाल हा असा लागला. मग ज्या होंडाला हाकललं तिचं काय झालं? २०२१ साली त्याच होंडाच्या इंजिनावर मॅक्स व्हर्स्टॅपन जगज्जेता झाला. गाडी रेड बुलची होती.

ही गोष्ट मी बऱ्याच दिवसांपासून लिहीन म्हणत होतो. (इंजिन म्हटलं की आपल्याकडं लगेच पक्ष आणि घोषणा आठवतात. त्या आज बाजूला ठेवा.)

ज्यांना या खेळाची माहिती नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. फॉर्म्युला वनमधला संघ गाडी स्वतः बनवतो, म्हणजे सांगाडा, पंख, सस्पेन्शन वगैरे. इंजिन मात्र प्रत्येकाला बनवता येत नाही. ते काम प्रचंड खर्चाचं. त्यामुळं या गोष्टीच्या काळात मर्सिडीज, फेरारी, रेनो, होंडा अशा मोजक्या कंपन्या इंजिन बनवायच्या आणि बाकीचे संघ त्यांच्याकडून घ्यायचे. कुणी गिऱ्हाईक म्हणून पैसे मोजून घेतं, तर कुणी भागीदार म्हणून. भागीदार असला तर कंपनी इंजिन त्याच्या गाडीच्या मापानं बनवते, वर पैसेही ओतते. गिऱ्हाइकाला तयार माल मिळतो. त्यानं आपली गाडी त्या मापाची करून घ्यायची.

आमच्या पिढीनं एफ-वन केबलवर पाहिली. युरोपातली शर्यत असली की रविवारी संध्याकाळी साडेपाचला सुरू व्हायची. १९९८ आणि ९९ ला मिका हॅकिननला चंदेरी मॅक्लारेन पळवताना पाहिलं आणि मी त्या संघाचा झालो तो झालोच. घरात क्रिकेटवाले, गल्लीत कुस्तीवाले, आणि मी एकटा मॅक्लारेनवाला. पुढं पत्रकारितेचा डिप्लोमा केला, दैनिकात लागलो, रविवारची ड्युटी लागायला लागली. तरी न्यूजरूमच्या कोपऱ्यातल्या टीव्हीवर आवाज बंद करून शर्यत बघायची सवय काही सुटली नाही.

तर मॅक्लारेन आणि होंडा. हे नातं आधीच एकदा जमलेलं होतं, आणि कसं जमलेलं! १९८८ साली आयर्टन सेना आणि ॲलन प्रोस्ट या जोडीनं मॅक्लारेन-होंडात बसून १६ पैकी १५ शर्यती जिंकल्या. १९८८ ते १९९१ सलग चार वर्षं संघाचं विजेतेपद त्यांचं आणि चालकाचंही त्यांचंच. १९९२ नंतर होंडा खेळातून बाहेर पडली. मॅक्लारेननं एक वर्ष फोर्डचं, एक वर्ष प्यूजोचं इंजिन वापरून पाहिलं आणि १९९५ पासून मर्सिडीजशी संसार थाटला. तो वीस वर्षं टिकला. हॅकिननची दोन आणि २००८ चं लुईस हॅमिल्टनचं विजेतेपद त्यातलंच.

मग मर्सिडीजनं २०१० पासून स्वतःचाच संघ उतरवला. मॅक्लारेन भागीदाराची गिऱ्हाईक झाली. संघाचे सर्वेसर्वा रॉन डेनिस यांचं म्हणणं असं की, इंजिनवाल्याचा स्वतःचा संघ मैदानात असताना गिऱ्हाइकाला जगज्जेतेपद मिळणं शक्य नाही. म्हणणं चुकीचं वाटत नव्हतं. मे २०१३ मध्ये जाहीर झालं की २०१५ पासून होंडा परत येणार, आणि फक्त मॅक्लारेनसाठी येणार. माझ्यासारख्यांच्या डोळ्यांसमोर लगेच १९८८.

इथं जरा थांबा, कारण पुढच्या सगळ्या गोंधळाची चाहूल इथंच लागली होती.

२०१४ साली नियम बदलले आणि १.६ लिटरची व्ही-सिक्स टर्बो हायब्रिड इंजिनं आली. मर्सिडीजचं इंजिन सगळ्यांत भारी निघालं. मॅक्लारेनकडं अजून एक वर्ष तेच इंजिन होतं. मर्सिडीजच्या संघानं १९ पैकी १६ शर्यती जिंकल्या, ७०१ गुण केले. मॅक्लारेनचे गुण १८१, क्रमांक पाचवा. तुम्ही म्हणाल, मूळ मालकाला चांगला माल, गिऱ्हाइकाला दुय्यम, असं असेल. तर मग विल्यम्सकडं बघा. विल्यम्स हाही गिऱ्हाईकच होता, त्याच वर्षी रेनो सोडून मर्सिडीजकडं आलेला. आदल्या वर्षी त्यांचे गुण होते फक्त ५. या वर्षी ३२०, क्रमांक तिसरा.

म्हणजे इंजिन बदलून नशीब पालटतं हे खरं. पण त्याच इंजिनावर एक गिऱ्हाईक ३२० करतो आणि दुसरा १८१, तेव्हा दुसऱ्यानं आपली गाडी तपासायला हवी होती. पण होंडाचा करार तर आदल्याच वर्षी झाला होता. आता सगळं होंडा आल्यावर ठीक होईल. एकदा असं मनात बसलं की कशाची तपासणी आणि कशाचं काय.

२०१५ उजाडलं. मॅक्लारेनच्या अभियंत्यांना गाडीचा मागचा भाग एकदम चिंचोळा हवा होता, हवा अडायला नको म्हणून. त्या रचनेला त्यांनी नाव दिलं होतं ‘साइज झीरो’. त्या जागेत मावेल असं इंजिन होंडानं बनवलं. टर्बो आणि कॉम्प्रेसर इंजिनाच्या व्ही आकाराच्या खोबणीत बसवले. जागा कमी, म्हणून कॉम्प्रेसर लहान. आणि या हायब्रिड इंजिनात खरी मेख तिथंच होती. बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर फिरणाऱ्या टर्बोला तेव्हा एक जनरेटर जोडलेला असायचा. तो वीज बनवायचा, ती वीज सरळ रस्त्यावर मोटरला मिळायची. होंडाची ही वीज कमी पडायची. सरळ रस्ता निम्मा झाला की विजेची मदत संपायची आणि शेजारून गाड्या सूं करून पुढं निघून जायच्या.

त्यात बिघाड वेगळेच. एका मोसमात ठरावीकच इंजिनं वापरायची असा नियम, जास्तीचा भाग बसवला की सुरुवातीची जागा मागं जाते. बेल्जियमच्या शर्यतीत मॅक्लारेनच्या दोन गाड्यांना मिळून १०५ जागा मागं जायची शिक्षा झाली. शर्यतीत गाड्या सगळ्या मिळून वीस! हा हिशेब तेव्हा आमच्या क्रीडा डेस्कवरच्या पोराला समजावताना दोघंही हसून बेजार झालो होतो.

सप्टेंबरमध्ये शर्यत जपानच्या सुझुकाला होती. ते सर्किट होंडाच्या मालकीचं, कंपनीचे बडे लोक हजर. दोन वेळचा जगज्जेता फर्नांडो अलोन्सो मॅक्लारेन चालवत होता. सरळ रस्त्यावर त्याला ओलांडून गाडी गेली आणि तो रेडिओवर ओरडला, ‘जीपी-टू इंजिन!’ जीपी-टू म्हणजे खालची श्रेणी. हे सगळ्या जगानं ऐकलं. आपल्याकडं पाहुण्याच्या दारात, मांडवात उभं राहून त्याच्या जेवणाला नावं ठेवावीत, तसलाच प्रकार.

त्या वर्षी २७ गुण, क्रमांक नववा. २०१६ ला जरा सुधारणा झाली, ७६ गुण आणि सहावा. २०१७ ला होंडानं इंजिनाची रचना मुळापासून बदलली आणि पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. चाचणीच्या पहिल्याच दिवशी तेलाच्या टाकीचा बिघाड, मग हादरे. वर्षअखेर ३० गुण, पुन्हा नववा. मधल्या काळात अलोन्सो मोनॅकोची शर्यत सोडून अमेरिकेत इंडियानापोलिस ५०० पळवायला गेला. तिथंही इंजिन होंडाचंच, आणि पुढच्या गाड्यांत असताना शेवटाकडं तेही फुटलं. नशीब म्हणतात ते हे.

आणि याच २०१६ आणि २०१७ मध्ये, मर्सिडीजचं गिऱ्हाईक असलेला, मॅक्लारेनच्या मानानं खिसा बराच हलका असलेला फोर्स इंडिया दोन्ही वर्षं चौथा आला. हा विजय मल्ल्या यांचा संघ, म्हणून आपल्याकडं नाव माहीत आहे. तो संघही आधी फेरारीचं इंजिन वापरायचा, २००९ ला मर्सिडीजकडं आला आणि त्याच वर्षी बेल्जियममध्ये सगळ्यांत पुढच्या जागेवरून सुरू करून दुसरा आला. बदल करावा तर असा.

मॅक्लारेनच्या गोटात मात्र तीन वर्षं एकच सूर. वळणांवरचा वेग बघा, जीपीएसचे आकडे बघा, आमची गाडी सर्वोत्तम गाड्यांपैकी एक आहे. सरळ रस्त्यावर मागं पडतो तो इंजिनामुळं.

‘नाचता येईना अंगण वाकडं’ ही म्हण आपण अशा वेळी लगेच फेकतो. पण इथं ती जशीच्या तशी लागू होत नाही. अंगण खरंच वाकडं होतं. होंडाचं इंजिन वाईट होतं यात शंका नाही, होंडानंही ते नाकारलं नाही. पंचाईत अशी झाली की अंगण वाकडं असल्यामुळं आपल्याला नाचता येतं की नाही हे तपासायची कुणाला गरजच वाटेना. खोट्या सबबीचं पितळ कधीतरी उघडं पडतं. खरी सबब जास्त वाईट, कारण तिच्या आडोशाला दुसरा दोष वर्षानुवर्षं मजेत राहतो.

सप्टेंबर २०१७ मध्ये सिंगापूरच्या शर्यतीवेळी काडीमोड जाहीर झाला. व्यवहार तिढ्याचा होता. मॅक्लारेननं होंडा सोडून रेनो घ्यायची, रेड बुलचा धाकटा संघ टोरो रोसो याच्याकडची रेनो काढून त्याला होंडा द्यायची, आणि या सगळ्यात रेनोला रेड बुलनं आपला एक चालक, कार्लोस साइन्झ, द्यायचा. होंडाकडून मॅक्लारेनला दरवर्षी सुमारे १० कोटी डॉलरची मदत होते असं तेव्हा छापून येत होतं. त्यावर पाणी सोडून मॅक्लारेन गिऱ्हाईक व्हायला तयार झाली. इंजिनच नडतंय यावर त्यांचा किती ठाम विश्वास होता, ते यावरून कळतं.

२०१८ ची पहिली शर्यत ऑस्ट्रेलियात. अलोन्सो पाचवा आला आणि रेडिओवर म्हणाला, आता आपण लढू शकतो. मलाही वाटलं, झालं, सुटलो.

पण आता तुलना थेट होती. एकच इंजिन तीन संघांकडं होतं. रेड बुलनं चीन, मोनॅको, ऑस्ट्रिया आणि मेक्सिकोत शर्यती जिंकल्या. रेनोचा स्वतःचा संघ १२२ गुणांवर चौथा. मॅक्लारेन ६२ वर, सहावी. आणि गंमत म्हणजे सरळ रस्त्यावर गाडी अजूनही मंदच. इंजिन बदललं तरी मंद! म्हणजे गाडीच हवेला जास्त अडत होती. वळणांवर चिकटून राहायला पंखांची जी मदत घेतली जात होती तिची किंमत सरळ रस्त्यावर मोजावी लागत होती, आणि तीन वर्षं ते बिल होंडाच्या नावावर फाटत होतं.

माझा एक मित्र टू-व्हीलर गॅरेज चालवतो. त्याला हे सांगितलं तर त्याला काहीच नवल वाटलं नाही. म्हणाला, “भाऊ, गाडी ॲव्हरेज देत नाही म्हणून गिऱ्हाईक येतं, आणि येतानाच सांगतं, इंजिन खोला. मी आधी गाडी स्टँडवर घेतो आणि मागचं चाक हातानं फिरवून बघतो. ब्रेक शू घासत असला तर चाक दीड फेऱ्यात थांबतं. आता याला नवं इंजिन टाकून काय करू?” मग स्पॅनर पुसत म्हणाला, “पण गिऱ्हाइकाला ते पटत नाही. ब्रेक ढिला करायचे पन्नास रुपये सांगितले की त्याला वाटतं, याला काम येत नाही.”

जीपीएस, हवेचा बोगदा, शेकडो अभियंते, सगळं असलेल्या संघाला चाक हातानं फिरवून बघायला तीन वर्षं लागली. आणि तीही शेवटी कुणी बघितलं म्हणून नाही, तर सबब संपली म्हणून.

जुलै २०१८ मध्ये संघाचे रेसिंग डायरेक्टर एरिक बुलिये यांनी राजीनामा दिला. ऑगस्टमध्ये अलोन्सोनं मोसमानंतर एफ-वन सोडत असल्याचं सांगितलं. गाडीच्या मूळ रचनेत दोष आहे, हे संघानं उघडपणे मान्य केलं.

आता दुसऱ्या बाजूला काय चाललं होतं ते बघा.

टोरो रोसो हा इटलीतल्या फाएन्झा गावचा छोटा संघ. त्यांना होंडा मिळाली तेव्हा बऱ्याच जणांना त्यांची कीव आली. पण बहारीनच्या शर्यतीत, म्हणजे एकत्र आल्यावर दुसऱ्याच शर्यतीत, पिएर गॅस्ली चौथा आला. मॅक्लारेन-होंडाला तीन वर्षांत पाचव्याच्या वर एकदाही जाता आलं नव्हतं. गॅस्लीनंही रेडिओवर तेच वाक्य टाकलं, आता आपण लढू शकतो. टोमणा कुणाला होता हे सांगायला नको.

चमत्कार मात्र काही झाला नाही. त्या वर्षी टोरो रोसो नववाच आला. पण कामाची पद्धत बदलली होती. होंडानं शर्यतीच्या मैदानावरचं काम आणि जपानमधल्या साकुरा इथलं संशोधनाचं काम वेगवेगळ्या माणसांकडं दिलं. मैदानावर तोयोहारू तानाबे आले. टर्बोच्या शाफ्टचा जुना त्रास सोडवायला होंडानं आपल्याच विमानाची इंजिनं बनवणाऱ्या विभागाला मदतीला घेतलं. इतकी वर्षं तो विभाग त्याच कंपनीत होता, पण दार कुणी वाजवलं नव्हतं. आणि टोरो रोसोनं इंजिनाच्या मापाबद्दल हट्ट धरला नाही. जपानी माणसांशी कसं बोलावं, कसं काम करावं हे कळावं म्हणून त्यांनी आपल्या लोकांसाठी वर्गही ठेवले होते. नवीन इंजिन वापरून बघायचं म्हणून शर्यतीत मागच्या जागेची शिक्षाही घेतली. बिघडलं तर बिघडलं, पण कळू दे काय बिघडतंय.

रेड बुल हे सगळं शेजारच्या खोलीतून बघत होतं. त्यांनी रेनोच्या इंजिनावर २०१० ते २०१३ अशी सलग चार विजेतेपदं मिळवली होती, नंतर मात्र त्यांचीही रेनोशी जाहीर भांडणं सुरू होती. पण त्यांनी इंजिन बदलण्याआधी ते धाकट्या संघात वर्षभर चालवून पाहिलं. आकडे हातात आले, मग २०१९ पासून होंडा घेतली. ३० जून २०१९ ला ऑस्ट्रियात व्हर्स्टॅपन जिंकला. होंडाचा तो २००६ नंतरचा पहिला विजय. पोडियमवर उभ्या व्हर्स्टॅपननं छातीवरच्या होंडाच्या नावाकडं बोट दाखवलं, शेजारी तानाबे उभे होते. सुझुकाचं ते ओरडणं आठवत असेल तर हे बोट दाखवणंही आठवत ठेवा. १२ डिसेंबर २०२१ ला अबुधाबीत तो जगज्जेता झाला. होंडाच्या इंजिनावर चालक जगज्जेता होण्याची ही १९९१ च्या सेनानंतरची पहिली वेळ, तीस वर्षांनी.

मग आमची मॅक्लारेन गेली का कामातून? नाही. उलट मला हीच बाजू जास्त महत्त्वाची वाटते.

सबब संपल्यावर त्यांनी दुसरी शोधली नाही. माणसं बदलली, गाडीच्या रचनेला हात घातला. रेनोचंच इंजिन ठेवून २०१९ ला १४५ गुण आणि चौथा क्रमांक. २०२० ला तिसरा. इंजिन तेच बरं का, ज्यावर ६२ गुण झाले होते! १७ नोव्हेंबर २०१९ ला ब्राझीलमध्ये तर नियतीनं मजा केली. पहिला व्हर्स्टॅपन, होंडा. दुसरा गॅस्ली, टोरो रोसो-होंडा. तिसरा साइन्झ, मॅक्लारेन-रेनो, २०१४ नंतर मॅक्लारेन पहिल्यांदाच पहिल्या तिघांत. काडीमोड झालेले दोघंही आपापल्या नव्या घरी सुखात, एकाच पोडियमवर.

आणि मग, गाडी सुधारल्यावर, त्यांनी पुन्हा इंजिन बदललं. २०२१ पासून मर्सिडीज. यावेळचा बदल बघण्यासारखा आहे. कोविडमुळं गाडीच्या रचनेत बदल करायला जवळपास बंदी होती, मोजक्या सुधारणांची मुभा प्रत्येक संघाला होती. मॅक्लारेनची ती मुभा नवं इंजिन गाडीत बसवण्यातच खर्ची पडली. तरी त्याच वर्षी मोन्झात डॅनियल रिकार्डो पहिला आणि लँडो नॉरिस दुसरा आला. २०१२ नंतरचा पहिला विजय. पुढं स्वतःचा नवा हवेचा बोगदा बांधला, त्याआधी चाचणीसाठी जर्मनीत कोलोनला टोयोटाच्या बोगद्यात जावं लागायचं. २०२४ ला ६६६ गुण करून संघाचं जगज्जेतेपद, १९९८ नंतर पहिल्यांदा. ज्या मर्सिडीजकडून इंजिन घेतलं तिचा स्वतःचा संघ चौथा. गिऱ्हाइकाला विजेतेपद मिळणं शक्य नाही, हे रॉन डेनिस यांचं मत त्यांच्याच जुन्या संघानं खोटं पाडलं. आणि २०२५ ला चालकाचं विजेतेपदही नॉरिसनं आणलं.

म्हणजे इंजिन बदलणं चूक नव्हे. विल्यम्सनं बदललं, फोर्स इंडियानं बदललं, रेड बुलनं बदललं, मॅक्लारेननंही दुसऱ्या वेळी बदललं, आणि सगळ्यांचं भलं झालं. फरक एवढाच की रेड बुलनं आधी मोजलं, मग बदललं. २०१७ च्या मॅक्लारेननं आधी बदललं आणि मोजमाप नंतर आपोआप झालं.

आता नळाकडं येतो.

आपल्या गावची पाणीयोजना मी गेली अनेक वर्षं कव्हर करतोय. जॅकवेलवरचा जुना पंप खरंच खराब होता. दर उन्हाळ्यात मोटरचं वाइंडिंग जळायचं, आठ-आठ दिवस पाणी बंद. मग पंप बदलला. दुसऱ्या कंपनीचा आणला, नारळ फुटला, फोटो छापून आले. ते फोटो मीच काढलेत. जळायचं थांबलं हे खरं. पण वरच्या आळीला पाणी तेव्हाही चढत नव्हतं आणि आजही चढत नाही. तिथल्या बाया पहाटे तीनला उठून नळाला तोंडानं ओढून पाणी काढतात, हे कुणाला खोटं वाटत असेल तर एकदा पहाटे जाऊन बघा.

आता पुन्हा प्रस्ताव आहे. हा पंपही बदलायचा, आणखी जास्त एचपीचा आणायचा, देखभालीचा ठेकेदारही नवा. विरोधक म्हणतात ठेकेदार आमच्या माहितीतला नको, सत्ताधारी म्हणतात जुना ठेकेदार कुणी आणला होता ते सांगा. सगळी चर्चा एवढ्यावरच अडकली आहे.

माझा प्रश्न साधा आहे. जॅकवेलमधून किती पाणी निघतं आणि टाकीत किती पोचतं, हे कुणी मोजलंय का? मी कार्यालयात विचारलं. मुख्य लाइनवर चालू स्थितीतला मीटर नाही, असं उत्तर मिळालं. म्हणजे पंप कमी पडतोय की वाटेत पाणी गळतंय, हे आज कुणीच छातीठोकपणे सांगू शकत नाही. लाइन जुनी आहे, पावसाळा नसतानाही काही ठिकाणी रस्त्याकडेला हिरवळ असते, ती कशावर जगते हे प्रत्येक शेतकऱ्याला कळतं. गळक्या लाइनवर जास्त दाबाचा पंप बसवला तर गळती वाढते, हे सांगायला इंजिनियर लागत नाही. सायकलच्या पंक्चर ट्यूबमध्ये जोरात हवा भरून बघा.

कदाचित पंपही कमी पडत असेल. मी त्याची वकिली करत नाही. अंगण वाकडं असेलही. पण चाक हातानं फिरवून बघायचा खर्च नव्या इंजिनाच्या मानानं किरकोळ असतो, आणि तो न करता गेलेले उन्हाळे वरच्या आळीनं सोसलेत, सभागृहानं नव्हे.

येत्या सर्वसाधारण सभेत हा विषय आहे. आपापल्या नगरसेवकाला एवढंच विचारा: दोन मीटर बसवा, एक जॅकवेलवर, एक टाकीच्या तोंडाशी. महिनाभर आकडे घ्या, ते नगरपरिषदेच्या फलकावर लावा. मग कुठल्या कंपनीचा पंप, कुणाचा ठेकेदार, यावर खुशाल भांडू. मीही येतो भांडायला.

तोवर आपल्याला जमेल ते आपण मोजू. तुमच्या भागात पाणी किती वाजता येतं, किती वेळ टिकतं आणि एक घागर भरायला किती मिनिटं लागतात, ते खाली कमेंटमध्ये लिहा. फक्त आळीचं नाव लिहा, घराचं नको. आठवडाभरात यादी करतो आणि सभेच्या दिवशी मुख्याधिकाऱ्यांच्या टेबलावर ठेवतो. त्याची पोच घेऊन इथंच टाकेन.